फवारणीवाल्याचे नाव कोणत्या वहीत?

(जिल्हा मेळाव्यात उपकेंद्राच्या एका परिचारिकेने केलेले भाषण)



कापसाच्या भावाची आणि वीजबिलाची भाषणे तुम्ही सकाळपासून ऐकली. त्यातले मला फार कळते असा माझा दावा नाही. मी नर्सबाई. माझा हिशेब आरोग्य खात्याच्या वह्यांतला. त्या वह्यांत एक मोठी गळती आहे आणि ती तुमच्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर आहे, म्हणून इथे बोलायला उभी राहिले.

आधी माझे काम काय ते सांगते. नर्सबाई म्हणजे पोरांना सुया टोचणारी आणि ऑपरेशनला बाया गोळा करणारी, असे अजून पुष्कळांना वाटते. तसे वाटायला कारण आहे. १९९६ सालापर्यंत आमच्या आधीच्या बायांच्या मानेवर कुटुंबनियोजनाच्या टार्गेटचे जू होते. टार्गेट त्या साली कागदावरून उतरले, लोकांच्या मनातून उतरायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

नियमाने सपाटीच्या भागात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असते, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे. वर ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आता उपकेंद्रांच्या पाट्या बदलल्या, आयुष्मान आरोग्य मंदिर झाले, समुदाय आरोग्य अधिकारीही आले. पण गावागावांत फिरणे आणि वह्या भरणे हे काम तेच राहिले. बाईला दिवस गेले की बारा आठवड्यांच्या आत तिचे नाव माझ्या वहीत यायला पाहिजे. मग तिचे वजन, बीपी, रक्त, लोहाच्या १८० गोळ्या, बाळंतपणाची तारीख, त्या रात्री गाडी कोण आणणार इथपर्यंत सगळे लिहिलेले असते. मूल झाले की त्याच्या लसींचे रकाने सुरू होतात.

वहीला कोणी हलके समजू नये. पोलिओ गेला तो वहीमुळे आणि दारावरच्या खडूच्या खुणेमुळे. कोणत्या घरात पोर राहिले, कोण ऊसतोडीला गेले, कोण वीटभट्टीवर आहे, हे लिहून घेऊन बाया पुन्हा पुन्हा त्या दारात गेल्या. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. ज्याचे नाव वहीत आहे त्याच्या घरी कोणीतरी जातेच. नाव नसले तर त्याची आठवण तो पडल्यावरच होते.

आता माझी गळती सांगते. पंचवीस-तीस वर्षांचा गडी, जो जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पाठीवर पंप घेऊन तुमच्या पऱ्हाटीत फिरतो, तो माझ्या कोणत्या वहीत आहे? तो गरोदर नाही, तो बाळ नाही. तीस वर्षांवरच्यांचे बीपी-साखर तपासायचे म्हणून आता नावे लिहितो, पण तपासायला जावे तेव्हा हा वावरात असतो. त्याने कोणते विष मारले, किती दिवस मारले, हा रकाना आमच्या कोणत्याच वहीत छापलेला नाही.

२०१७ साल तुम्ही विसरला नसाल. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली, शेकडो भरती झाली. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला आली होती, अळीचा जोर होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. गेलेल्यांत शेतकरी होते आणि मजूरही होते. गाजावाजा झाला, चौकशी समिती बसली, मास्क आणि हातमोजे वाटले गेले. पुढे मुंबईचा पत्रकार गावात यायचा थांबला. फवारणी मात्र दर साली होतेच.

आपण विषाला औषध म्हणतो. "उद्या औषध मारायचं आहे." मीही औषधच देते, त्यामुळे बोलताना गल्लत होते आणि भीती मरते. हे बोंडअळीचे, तुडतुड्याचे पुष्कळसे औषध अंगात गेले की काय करते ते ऐका. नसांकडून स्नायूला हुकूम गेला, काम झाले, की तो हुकूम पुसणारा एक पदार्थ शरीरात असतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची विषे त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकतात. हुकूम पुसलाच जात नाही. मग तोंडातून लाळ गळते, घाम धो धो येतो, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी बारीक होते, नजर अंधारते, पोटात पीळ पडतो, जुलाब होतात, मांडीचे मांस फडफडते आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास बंद पडतो. त्यासाठी बाटली तोंडाला लावावी लागत नाही. घामेजलेल्या पाठीवर गळका पंप असला की कातडीतून जाते. भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहिला तर संध्याकाळपर्यंत जातच राहते.

इथे घरचे लोक हमखास फसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरची उन्हे, गडी चक्कर येऊन बसला, की घरात म्हणतात, "ऊन लागलं." कांद्याचा रस लावतात, लिंबूपाणी पाजतात, खाटेवर निजवतात. रात्र जाते. उन्हाच्या जबर झटक्यात अंग तापते आणि बहुधा कोरडे पडते. विषबाधेत माणूस घामाने निथळतो, लाळ गळते. बाहुली बारीक दिसली तर दुसरा विचार करू नका. उन्हाची आणि विषाची खात्री पटवत कोणी घरी बसू नये, दोन्हींत दवाखानाच लागतो.

करायचे काय ते लक्षात ठेवा. माणसाला शिवारातून बाहेर, मोकळ्या हवेत आणा. अंगावरचे सगळे कपडे काढा आणि साबणाने भरपूर पाण्यात आंघोळ घाला, केस आणि नखांसकट. घालणाऱ्याने स्वतःचे हात प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत, नाहीतर दुसरा रोगी तयार होतो. डोळ्यात उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. दूध, तूप, चिंचेचे पाणी काही पाजू नका. ओकारी काढायला लावू नका, ती श्वासनळीत जाते. डाव्या कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. ती गाडी २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. गाडी येईपर्यंत आशाताईला आणि आम्हाला कळवा. गाडी लांब असेल तर गावातली जीप काढा, वाट पाहू नका.

आणि डबा सोबत आणा. रिकामा असला तरी आणा. जितकी औषधे कालवली तितके सगळे डबे आणा. अ‍ॅट्रोपिनचा उतारा काही जातीच्या विषांवर चालतो, सगळ्यांवर चालत नाही. काही विषांवर उतारा असा नाहीच, श्वास आणि नाडी सांभाळत बसावे लागते. डॉक्टरला डब्यावरून जे अर्ध्या मिनिटात कळते ते रोग्याच्या तोंडून तासभर कळत नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण तुम्ही पाहता ना? लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायचे सरबत नव्हे, एवढेच सांगते.

दवाखान्यात गेल्यावर दोन गोष्टी घडतात, त्या आधी सांगून ठेवते. अ‍ॅट्रोपिन दिले की तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, माणूस बरळतो, अंगावरच्या नळ्या उपसतो. नातेवाईक म्हणतात, सुईने वेडा केला, आणि घेऊन निघतात. तो औषधाचा गुण आहे, किती द्यायचे ते डॉक्टर बाहुली आणि नाडी पाहून ठरवतो. दुसरी गोष्ट त्याहून घातक. दुसऱ्या दिवशी रोगी उठून बसतो, चहा मागतो. घरी कामे पडलेली असतात, म्हणून सुट्टी मागतात. या विषात एक ते चार दिवसांच्या आत मान धरता न येणे, श्वास मंदावणे असे पुन्हा होऊ शकते. तेव्हा माणूस गावात असेल तर काही हाती लागत नाही. डॉक्टर जेव्हा जा म्हणेल तेव्हाच निघायचे.

पोलिसांच्या भीतीने लोक विषाचे नावच घेत नाहीत, ताप म्हणून केसपेपर काढतात. सरकारी दवाखान्यात विषबाधेची नोंद पोलिसात जाते, हे खरे आहे. पण फवारणीत विष बाधणे हा गुन्हा नाही. आणि कोणी जिवावर उदार होऊन स्वतःच घेतले असेल, तरी २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा त्याला गुन्हेगार न धरता तणावाखालचा माणूस धरतो. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने कलमही राहिले नाही. तेव्हा खरे सांगा, आमच्याकडे खोटे सांगण्यात फक्त वेळ जातो. शिवाय अपघाताच्या अनुदानाचा अर्ज करायचा झाला तर हेच कागद लागतात. ते अनुदान सातबारावाल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एकाला आहे. मजुराच्या नावावर सातबारा नसतो. फवारणारा बहुतेक तोच असतो.

मायबहिणींचे वेगळे बोलते. तुम्ही पंप मारत नाही म्हणून तुमचे नाव या गोष्टीत कोणी घेत नाही. पाणी वाहून कोण देते? ड्रममध्ये हाताने कोण कालवते? नवऱ्याचा भिजलेला सदरा बाकी कपड्यांत कोण धुते? आणि फवारून झालेल्या वावरात निंदायला, वेचायला कोण वाकते? राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. सात-आठ रक्ताची, पोटात पोर असलेली बाई जेव्हा म्हणते, "सिस्टर, वेचून आल्यावर डोकं गरगरतं," तेव्हा ते रक्ताने की विषाने, हे मला सांगता येत नाही, कारण तिच्या कार्डावर फवारणीची तारीख नसते. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. बाळंतीण आणि गरोदर बाईला फवारलेल्या वावरात पाठवू नका, मजुरी बुडाली तरी.

अंगभर प्लास्टिकचा कोट आणि चष्मा घाला, असे मी सांगत नाही. मीही याच उन्हात फिरते. अडतीस अंश उष्म्यात तो कोट दहा मिनिटांत फेकला जातो, हे वाटणाऱ्यांनाही ठाऊक असावे. जे होण्यासारखे आहे तेवढे करा. सकाळी लवकर मारा, वाऱ्याकडे पाठ ठेवा, पंपाची गळती आदल्या दिवशी पाहा, पाठीवर प्लास्टिकचा तुकडा बांधा, तंबाखूला हात लावण्याआधी साबण लावा. मजुरी पंपाच्या संख्येवर ठरवू नका. पंपामागे पैसा ठरला की गडी दोनाच्या जागी चार पंप जास्त मारतो आणि उन्हात मारतो. आणि एकच माणूस आठ दिवस सलग पंपाखाली ठेवू नका. इथे मालकाचा आणि मजुराचा हिशेब वेगळा पडतो, हे मला दिसते. तरी सांगते.

आता संघटनेकडे मागणे. जून संपायच्या आत दहा-दहा जण आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरला विचारा, अ‍ॅट्रोपिन किती आहे, मुदतीतले आहे का, ऑक्सिजन चालू आहे का, रात्री कोण असते. हे नर्सने विचारले तर उत्तर येत नाही. दहा शेतकऱ्यांनी विचारले तर कपाट उघडून दाखवतात.

दुसरे, वही. मी शंभर पानी वह्या आणल्या आहेत, गावामागे एक. रकाने आखून दिले आहेत: फवारणाऱ्याचे नाव, कोणाच्या वावरात, कोणत्या डब्यातले, तारीख, किती पंप, संध्याकाळी तब्येत कशी. ज्याच्या वावरात फवारणी त्याने आदल्या रात्री आशाताईला कळवायचे, आणि ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या घरी एक चक्कर मारेल. चक्कर मारायला तिला पाच मिनिटे लागतात. ही वही खात्याने मागितलेली नाही, तिला शिक्काही नाही. वह्या मंडपाच्या डाव्या हाताला टेबलावर आहेत. गावाचे नाव सांगून घेऊन जा, आणि दिवाळीनंतर भरलेली वही मला उपकेंद्रात आणून द्या.