मासा वर का जातो?



मुळशी तालुक्यातलं भरे हे माझं गाव. मुळा नदी जवळून वाहते, त्यामुळे मासे आम्हाला नवे नाहीत. पण ते जाळ्यातले आणि कालवणातले. काचेच्या पेटीत मासा पाळायचा हे वेड घरात आणलं माझ्या नातवानं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. पुण्यातून दोन फुटी टँक आणला, पाच-सहा गप्पी घेतले. दुकानदार म्हणाला, "बाई, हे दोन कोरीही घेऊन जा. तळाचा कचरा साफ करतात. वेगळं खाणं घालायला लागत नाही."

बोटाच्या दोन पेरांएवढे ते मासे. करड्या अंगावर काळे ठिपके, तोंडाशी इवल्या मिशा. आमच्या नदीतल्या शिंगट्याचं जणू खेळण्यातलं रूप. नातवाला बाकीच्यांपेक्षा हेच आवडले.

तिसऱ्या दिवशी तो ओरडत आला, "आजी, लवकर ये, माशाला श्वास घेता येत नाहीये!" मी पाहिलं. तळाशी शांत बसलेला मासा एकदम बाणासारखा वर गेला, पाण्याबाहेर तोंड काढलं आणि तितक्याच वेगानं खाली आला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मधल्या वेळात तो इतका निश्चल पडून राही, की मेला की काय वाटावं. मी दुकानात फोन केला. "पाणी बदला, औषध टाका, मूठभर मीठ टाका," असं उत्तर आलं. मी तिन्ही गोष्टी केल्या. सगळं पाणी उपसलं आणि नळाचं ताजं पाणी भरलं. सकाळी दोनांपैकी एक कोरी मेलेला होता.

नातू रडला नाही. त्यानं विचारलं, "आजी, तो आजारी होता, की आपण केला?"

मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. म्हणून शोधायला लागले. पुस्तकं पाहिली, जुन्या मासे पाळणाऱ्यांना भेटले आणि मुख्य म्हणजे, उरलेल्या माशासमोर वही घेऊन बसले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

या माशाची शास्त्रीय प्रजाती कोरिडोरास. ग्रीक भाषेतल्या शिरस्त्राण आणि कातडी या अर्थाच्या शब्दांवरून ते नाव आलं. त्याच्या अंगावर खवले नसतात. दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, चिलखतासारख्या. मूळ वस्ती दक्षिण अमेरिकेत. आमच्याकडे आलेला ठिपकेवाला चार्ल्स डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता. १८४२ मध्ये जेनिन्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अलीकडे, २०२४ मध्ये, शास्त्रज्ञांनी या मोठ्या गटाची अनेक प्रजातींत विभागणी केली. दुकानात मात्र तो अजून कोरीच आहे.

आता तो वर का जातो? हा मासा कल्ल्यांनी श्वास घेतोच, शिवाय हवेचा घोटही गिळतो. ती हवा आतड्यात जाते. आतड्याच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथे प्राणवायू शोषला जातो आणि उरलेली हवा मागून बाहेर पडते. साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जगण्याची ही त्याची सोय आहे. म्हणजे आमचा मासा धडधाकट होता. तो आपलं रोजचं काम करत होता आणि मी त्याच्यावर उपचार करत होते.

मारलं कशानं? माझ्या मते नळाच्या पाण्यानं. गावच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात आणि आपल्या पिण्यासाठी ती हवीच. पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले भाजून काढतो. पाण्यातली घाण पचवणारे जे उपयोगी जिवाणू फिल्टरमध्ये वाढत असतात, तेही त्यानं मरतात. वर औषध आणि मीठ. एका रात्रीत इतके धक्के त्या जिवाला सोसले नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट. पाणी आठवड्याला फक्त पाव हिस्सा बदला. नवं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

दुसरी गोष्ट, नेहमीचं काय आणि आजाराचं काय, हे ओळखायला शिका. अधूनमधून वर जाऊन हवा घेणं नेहमीचं. परांवर टेकून तळाशी तासन्‌तास बसणंही नेहमीचं. वाळूत नाक खुपसून कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडणं हे तर त्याचं जेवण शोधणं. डोळा खाली फिरवून मिचकावल्यासारखं करतो, तेही नेहमीचं. पाणी बदलल्यावर सगळे मिळून काचेवर खालीवर पळतात, तेही घाबरण्यासारखं नाही.

पण एरवी मिनिटामिनिटाला वर जायला लागला, कल्ले भराभर हलायला लागले, पोटावर लाली आली, मिशा झिजल्या, पर अंगाला मिटून घेतले किंवा कुशीवर पडला, तर बिघाड आहे. तेव्हाही औषधाच्या बाटलीआधी पाण्याकडे पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

तिसरी गोष्ट खाण्याची. कोरी म्हणजे झाडूवाला नव्हे. दुसऱ्या माशांची विष्ठा तो खात नाही. वर तरंगणारं खाणं गप्पी संपवतात आणि हा उपाशी राहतो. त्याला तळाशी बुडणारे दाणे रात्री दिवा मालवल्यावर घाला. तळाला धारदार खडे नकोत, बारीक, गुळगुळीत वाळू हवी. घाणेरड्या तळावर त्याच्या मिशा झडतात आणि मिशा म्हणजे त्याची अन्न शोधायची बोटं. एकटादुकटा ठेवू नका. हा कळपानं राहणारा मासा आहे, एकाच जातीचे निदान सहा हवेत. जाळीनं जपून पकडा, कारण पराचा काटा जाळीत अडकतो. हाताला लागला तर झोंबतोही, शिंगट्यासारखाच.

आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. ठिपकेवाल्याला २० ते २४ अंशांचं पाणी मानवतं. आमच्या पत्र्याच्या खोलीत ते तिशीच्या वर जायचं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासा जास्त वेळा वर येतो. आम्ही टँक मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवला, काचेच्या झाकणाऐवजी जाळी टाकली, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला आणि वीज गेली तर तांब्यानं टँकचंच पाणी उंचावरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहिलो. नातू ते काम आनंदानं करायचा.

त्या मासळीला आम्ही आणखी पाच सोबती आणले. वहीत नातू नोंदी करू लागला. कोण किती वेळा वर गेला, कधी खाल्लं, पाणी कधी बदललं. पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, हवा गार झाली. आम्ही नेहमीप्रमाणे पाव हिस्सा पाणी बदललं. दुसऱ्या सकाळी काचेवर साबुदाण्याहून लहान, पांढुरकी अंडी चिकटलेली होती. पावसाच्या गार पाण्याची चाहूल लागली की हे मासे अंडी घालतात. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात अंडी धरते आणि एकेक जागी नेऊन चिकटवते. आपल्याकडचा मृग त्यांनाही कळतो म्हणायचा!

बरीच अंडी मोठ्या माशांनीच खाल्ली. दुसऱ्या भांड्यात काढलेल्यांतून नऊ पिल्लं जगली. शेजारचा मुलगा म्हणाला, "जास्त झाली तर नदीत सोडू." ते मात्र आम्ही केलं नाही आणि तुम्हीही करू नका. मुळेचं पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेला आणि उजनीला जातं. त्याच उजनीत शोभेचा सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. कुणीतरी कंटाळून सोडलेला मासा दुसऱ्या कुणाचं जाळं फाडतो. पिल्लं आम्ही ओळखीच्या घरी दिली, नातवाच्या हातची एकेक चिठ्ठी सोबत. चिठ्ठीत पहिलं वाक्य होतं : "मासा वर गेला तर घाबरू नका, आधी मोजा."

नातू आता कॉलेजात आहे. त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. "आपण केला," असं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "मग दुसऱ्याला नीट बघू." त्यानंतर वही आणली ती त्यानंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)