आगरकरांचा बुद्धिवाद आणि टिळकांचे अध्यात्म



बुद्धिवाद आणि अतींद्रियवाद म्हटले की वक्ते देकार्त, कांट, एमर्सन अशी नावे घेऊन सुरुवात करतात. मी आईपासून करतो. पैनगंगेच्या या काठावर आमचे शेत. एका वर्षी अडत्याने कापसाच्या हिशेबात चुकून जास्त पैसे दिले. मी ते परत केले. आई म्हणाली, “बरं केलंस. पण तू देव मानत नाहीस, मग कुणाला भिऊन परत केलेस रे?”

तेव्हा मला उत्तर आले नाही. आई दर वर्षी माहूरगडावर जाणारी, अक्षरओळख बेताची. पण मराठीत हाच प्रश्न दोन मित्रांमध्ये उभा होता, हे मला फार उशिरा कळले.

आगरकर आणि टिळक दोघेही 1856 साली जन्मले. डेक्कन कॉलेजात मैत्री जमली आणि 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस दोघांनी एकत्र काढले. पुढे वाट फुटली; 1888 मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. मिल आणि स्पेन्सर वाचलेला हा माणूस. इंद्रियांपलीकडचे काही असेलही, पण ते अज्ञेय आहे. त्याच्या नावाने विधवेचे केस कापण्याचा अधिकार कोणाला नाही, असा त्यांचा एकूण रोख. रूढी पोथीत आहे की नाही, एवढे त्यांना पुरत नसे; तिने माणसाचे सुख वाढते की दुःख, हे ते विचारीत.

टिळकांचा ‘गीतारहस्य’ 1915 साली आला. आगरकरांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्यातले आधिभौतिक सुखवादाचे प्रकरण वाचताना मला वाटते, तो जुना वाद मंडालेतही टिळकांच्या मनात चालूच असावा. हा माझा तर्क. पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच कसोटी असेल, तर कौरवांच्या अकरा अक्षौहिणी पांडवांच्या सातांपेक्षा जास्त, म्हणून न्याय कौरवांकडे जाईल काय? आणि तो अमेरिकेतला ट्रामचा दाखला: शहराला ट्राम हवी, परवानगी मिळेना, व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळवली. सुख तर पुष्कळांचे झाले. तरी लाच ती लाचच. म्हणून टिळक कर्त्याची बुद्धी पाहायला सांगतात, आणि ती शुद्ध का असावी याचे उत्तर सर्वांभूती एकच आत्मा आहे, यात शोधतात. कोंतने आधिभौतिक दृष्टीला शेवटची, परिपक्व पायरी मानले होते. टिळकांनी तो मान अध्यात्माला दिला.

युक्तिवाद म्हणून टिळकांचे पारडे मला जड वाटते, हे कबूल करतो. कापसाचे ते पैसे माझ्याकडे राहिले असते, तर अडत्याचे फारसे बिघडले नसते आणि आमच्या घरात बी-बियाण्याची सोय झाली असती. सुखाची बेरीज माझ्या बाजूने होती.

पण आगरकरांचे चरित्र या युक्तिवादात बसत नाही. एम.ए.ला असतानाच मोठ्या पगाराचा नाद सोडल्याचे त्यांनी आईला पत्राने कळवले. दम्याने खंगलेल्या या माणसाची जिवंतपणी पुण्यात प्रेतयात्रा निघाली. ती त्यांनी पाहिली आणि लिहिणे थांबवले नाही. चाळिशी गाठण्याआधी गेले. मोक्षाची आशा नाही, आत्मैक्याचा आधार नाही. आत्म्यावाचून निःस्वार्थीपणाची उपपत्ती लागत नाही असे शास्त्र म्हणत असेल, आणि समोर असा माणूस उभा असेल, तर मी शास्त्रालाच पुन्हा तपासायला सांगेन.

कांटने यातून एक वाट काढली होती: कर्तव्याचा नियम बुद्धीच स्वतःला घालून देते, ईश्वरावरची श्रद्धा त्यामागून येते. टिळकांनी कांट बारकाईने वाचला होता. मात्र कर्तव्याला आत्म्याचा पाया हवा, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. मला कांटचा हा क्रम पटतो. आईला पटला नाही. मी तो तिला तेलुगू-मराठी मिसळलेल्या आमच्या घरच्या बोलीत सांगून पाहिला. ती म्हणाली, “म्हणजे तुझ्या आतला कुणीतरी सांगतो ना? मग त्यालाच मी देव म्हणते.”

मी म्हटले, “आई, त्याला नैवेद्य लागत नाही.”

ती म्हणाली, “रेणुकेला तरी कुठं लागतो? आपल्याला लागतो.”