निर्णय घेणारी सिस्टर



 

चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे सोलापूरकरांना सांगावं लागत नाही. पण त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? परिचारिकेची सेवा सगळे घेतात, तिचं नाव घ्यायचं मात्र राहून जातं. गावाकडे तर नावाबरोबर अधिकारही राहून गेला. सपाट भागात साधारण पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र. तिथला सगळा भार सिस्टरवर. तरी वर्षानुवर्षं तिच्या वाट्याला आलं ते लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, कुटुंब नियोजनाचं टार्गेट आणि रजिस्टरं.

2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी या पदावर बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगीही काम करू शकते. तिशीपुढच्यांच्या बीपी, शुगर आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी हे तिचं काम.

अशा तपासणीचं मोल आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कळतं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसते. हात थांबला की मजुरी बुडाली. डोकं ठणकलं तरी चहाबरोबर गोळी घेऊन ती पुन्हा कामाला लागते, सिव्हिलच्या रांगेत उभी राहत नाही. तिच्या ओट्यावर जाऊन, तिच्याच तेलुगूत दोन शब्द बोलून जी दंडाला पट्टा बांधते, ‘अक्का, तोंड उघडा’ म्हणून गालाच्या आतला पांढरा चट्टा टॉर्चच्या उजेडात पाहते आणि आजच मोठ्या दवाखान्यात जा असं बजावते, ती सिस्टर तिचं आयुष्य वाचवू शकते.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. जेमतेम शिकलेल्या, काही तर निरक्षर बायांना त्यांनी गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवलं आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. त्या बायांनी ते काम निभावलं. मग चार वर्षं नर्सिंग शिकून बाहेर पडणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांना का जमू नये?

डॉक्टरांची जागा घ्या, असं मी म्हणत नाही. आपल्या हातून काय बरं होईल आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचं, हे ठरवता आलं पाहिजे. त्यासाठी केंद्रात औषधं हवीत, फोन उचलणारा डॉक्टर हवा, रात्री राहायला सुरक्षित खोली हवी. अधिकार वाढवले म्हणून आणखी चार रजिस्टरं गळ्यात मारू नयेत, ही व्यासपीठावरच्या मान्यवरांना माझी विनंती.

आणि तुम्हाला एवढंच सांगणं : पुण्या-मुंबईला जरूर जा, परदेशातही जा, पण त्याआधी निदान दोन वर्षं एखाद्या उपकेंद्राला द्या.