‘आत्मपॅम्फ्लेट’ आणि आपल्या जुन्या मैत्र्या



व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरला सिनेमावर बोलायला उभं केलं, याचं आपल्याला नवल वाटलं असेल. पण विषय मैत्रीचा आहे, आणि त्यात माझीही एक केस आहे.

चित्रपट आहे ‘आत्मपॅम्फ्लेट’. लेखन परेश मोकाशींचं. त्यांची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आपल्याला आठवत असेल. दिग्दर्शक आशिष बेंडे यांचा हा पहिलाच चित्रपट. २०२३ च्या फेब्रुवारीत तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला, ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला आणि ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या चित्रपटाचा मान त्याला मिळाला.

नायकाचं नावही आशिष बेंडेच. या दलित मुलाचं वर्गातल्या ब्राह्मण मुलीवर प्रेम बसतं. सोबत नाना जातिधर्मांचे मित्र. आधी कुणाला कुणाची जात ठाऊक नसते. मुलं वाढतात तसा देशही बदलतो. अयोध्येनंतरचं वातावरण शाळकरी दोस्तीतही शिरतं. निवेदक हे सगळं इतक्या निरागसपणे सांगतो की आपण खळखळून हसतो, आणि मग हसताहसता कुठेतरी लागतं.

आमच्या शास्त्रात ‘काय होतंय’ एवढं विचारून भागत नाही. ‘केव्हापासून’ हेही विचारावं लागतं. चित्रपट संपल्यावर तो प्रश्न मी स्वतःलाच विचारला.

आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. पाहुणे आले की आपण तो अभिमानानं दाखवतो. मीही दाखवतो. पण माझा एक मुसलमान वर्गमित्र, ज्याच्या घरच्या लूमच्या खडखडाटात मी परीक्षेचा अभ्यास केला, त्याच्या घरी मी १९९३ नंतर गेलो नव्हतो. भांडण नव्हतं. आधी भीती होती, मग संकोच, मग सवय. तो दवाखान्यात येई, पुड्या घेई, सलाम करून जाई. दर संवत्सरीला साऱ्या गावाची क्षमा मागणारा मी, त्याच्यापाशी मात्र कधी गेलो नाही.

त्या रात्री त्याला फोन लावला. तो घाबरून म्हणाला, “डॉक्टर, किसकी तबीयत खराब है?”

इतक्या वर्षांत मी कामाशिवाय फोनच केला नव्हता! मी म्हणालो, “मेरी.” तो क्षणभर गप्प झाला आणि मग शाळेतल्यासारखा हसला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. लूम आता नाहीत. चहा मात्र सूर्यास्तापूर्वीच आला. माझा नेम त्याच्या लक्षात होता.

रसिकहो, हा चित्रपट जरूर पाहा. जमलं तर एकट्यानं पाहू नका. ज्याला बरेच दिवसांत फोन केला नाही, त्याला शेजारी बसवून पाहा. औषध जुनं असलं तरी चालतं. उशीर मात्र फार करू नये.