बुडालेल्या जहाजाचं नाव

कामं आवरली असतील तर बसा, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका.

गेल्या महिन्यात एका गावात नवा बचत गट बांधायला गेले होते. दहाजणी जमल्या, मासिक बचत ठरली, आणि नावावर गाडी अडली. त्या गावात आधी एक गट होता. हप्ते थकले, भांडणं झाली, गट मोडला. एक ताई म्हणाल्या, "तेच नाव ठेवू, आपलंच होतं." तर कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "नको बाई. ते नाव लाभलं नाही." नंतर कळलं, त्यांची सूनच त्या गटाची सचिव होती. सगळ्यांनी बोल तिलाच लावला. तेव्हापासून ती कुठल्याच बैठकीला येत नाही.

घरी आले, तर लेक शाळेसाठी तक्ता करत बसलेली. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो ना, त्याचा. तिच्याबरोबर मीही वाचत बसले.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या नौदलाकडे मोजकी जहाजं होती, तीही इंग्रजांच्या वेळची. आज शंभराहून जास्त आहेत, आणि बरीचशी आपल्याच गोद्यांत बांधलेली. त्यांच्या नावांनाही रीत आहे. मोठ्या विनाशिकांना शहरांची आणि बंदरांची नावं: मुंबई, कोलकाता, गोव्याचं मुरगाव. फ्रिगेट नावाच्या युद्धनौकांना डोंगरांची आणि नद्यांची: आपला सह्याद्री आहे, गोदावरीही होती. खांदेरी नावाची पाणबुडी आहे. अलिबागजवळ समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधलेल्या किल्ल्याचं ते नाव. आणि नवं जहाज पाण्यात उतरवताना नाव जाहीर करायचा मान परंपरेनं बाईचा असतो, बरं का!

जहाज म्हातारं झालं की निवृत्त होतं, पण नाव निवृत्त होत नाही. पहिली विक्रांत ब्रिटनकडून घेतलेली. १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली, पुढे मोडीत निघाली. पंचवीस वर्षं ते नाव थांबून राहिलं. मग २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत बांधलेली नवी विक्रांत तेच नाव घेऊन नौदलात दाखल झाली.

हे झालं भाग्यवान जहाजाचं. आता खुकरीचं ऐका. १९७१ चं युद्ध चालू होतं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं खुकरीवर पाणतीर सोडले. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

आपल्या हिशेबानं हे नाव पुन्हा उच्चारूसुद्धा नये. पण नौदलानं काय केलं? मुंबईच्या माझगाव गोदीत नवं जहाज बांधलं, त्याला खुकरी हेच नाव दिलं आणि १९८९ साली ते नौदलात दाखल केलं. ही खुकरी ३२ वर्षं समुद्रात फिरली आणि २०२१ च्या डिसेंबरात सुखरूप निवृत्त झाली. मग तिला कुठे ठेवायचं ठरलं? जिथे पहिली बुडाली, त्याच दीवला.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. आजी गप्प ऐकत होत्या. मी म्हटलं, "आजी, जहाज बुडालं म्हणून नाव वाईट ठरलं नाही. आपला गट मोडला तो नावामुळे नाही. वही सगळ्यांसमोर उघडली जात नव्हती, थकलेल्या हप्त्याबद्दल कुणी वेळेवर बोललं नाही, त्यामुळे मोडला. सचिव एकटी काय करणार होती?"

आजींनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "हे तिच्यासमोर बोलशील?"

येत्या शुक्रवारी बैठक आहे. नाव जुनंच ठेवायचं ठरलंय. वही मात्र नवी, आणि ती दर बैठकीत मोठ्यानं वाचायची. आजी सुनेला घेऊन येणार म्हणाल्यात.

तुमच्याही गावात एखादा मोडलेला गट असेल, आणि सगळा बोल ऐकून घरात बसलेली एखादी बाई असेल. नवा गट बांधाल तेव्हा पहिली हाक तिला मारा.