चौकातील अनामिक स्त्री
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अर्थशास्त्राच्या माणसाने शिल्पकलेवर बोलावे ही आगळीक आहे, याची मला जाणीव आहे. परंतु कोणाच्या देहाचे मोल काय आणि ते ठरवतो कोण, हा प्रश्न माझ्या विषयाबाहेरचा नाही.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एप्रिल ते जून २०२५ या काळात थॉमस जे. प्राइस या ब्रिटिश शिल्पकाराचा बारा फुटी ब्राँझचा पुतळा उभा होता. एक कृष्णवर्णीय स्त्री. अंगाने चांगली भरलेली, रोजचेच साधे कपडे, हात कमरेवर. ती राणी नव्हे, हुतात्मा नव्हे. लंडन व लॉस एंजेलिस येथील अनेकांच्या निरीक्षणांतून आणि छायाचित्रांतून प्राइस यांनी ती कल्पिली. आपला मूर्तिकार माती मळतो, तसा हा कलावंत संगणकाच्या पडद्यावर आकार घडवतो आणि मग तो ब्राँझमध्ये ओततो. शेजारी कायमचे पुतळे दोन: एक धर्मगुरू, एक नाटककार, दोघेही गोरे पुरुष.

हिने असा कोणता पराक्रम केला, असे विचारले गेले. तिच्या आकारमानाची यथेच्छ टिंगल झाली. काही कृष्णवर्णीय टीकाकारांनाही त्यात जुनाच साचा दिसला. त्यांचा आक्षेप मी टिंगलीच्या पंक्तीला बसवणार नाही, कारण त्यामागे इतिहास आहे.

दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई समाजाच्या सारा बार्टमन हिला १८१० साली लंडनला नेण्यात आले आणि तिच्या नितंबांसाठी तिकीट लावून तिचे प्रदर्शन मांडण्यात आले. गुलामगिरीविरोधी मंडळी न्यायालयात गेली. तेथे करार पुढे आला: ती स्वेच्छेने आली आहे, नफ्यात तिचा वाटा आहे! खटला निकालात निघाला. ‘मुक्त करार’ या शब्दांवर मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. हे उदाहरण मात्र कधी दिले नाही, याची आज खंत वाटते. १८१५ च्या अखेरीस ती पॅरिसमध्ये वारली. कुव्हिए या शास्त्रज्ञाने तिचे विच्छेदन केले, आणि तिचा सांगाडा व देहाचा साचा १९७० च्या दशकापर्यंत तेथील संग्रहालयात लोक पाहत राहिले.

प्राइस यांची स्त्रीदेखील लोकांनी पाहिली. पण ती पाहणाऱ्याच्या पसंतीची वाट पाहत नाही. त्या देहाचे सौंदर्य मला तेथे जाणवते. अर्थात भोवती लखलखणाऱ्या जाहिराती उद्या हाही देह विकायला काढतील; बाजाराला तत्त्वाचे वावडे नसते.

पुतळ्याने पोट भरत नाही, असे काही साथी म्हणतील. खरे आहे. परंतु साराचे अवशेष परत मिळावेत अशी मागणी नेल्सन मंडेला यांनी केली, ती १९९४ साली सत्ता पालटल्यावर. त्यानंतरही आठ वर्षे लागली. फ्रान्सच्या संसदेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि ९ ऑगस्ट २००२ रोजी, तेथील महिला दिनी, तिला आपल्या मातीत विसावा मिळाला.