हिरकणीच्या घरी त्या रात्री कोण होतं?



एसटी स्टँडवर बाळाला दूध पाजायला खोली असते. तिच्या दारावर ‘हिरकणी कक्ष’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. ही हिरकणी कोण, असं आम्ही आमच्या किशोरी गटातल्या मुलींना विचारलं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी. “ती पुस्तकातली ना!” म्हणाल्या आणि गप्प बसल्या. लहानपणीची गोष्ट म्हणून त्यांनी ती मागेच टाकली होती.

मग आम्ही ठरवलं, हीच गोष्ट मुलींनी आपल्या मनाने नव्याने लिहायची. अट एकच, रायगड खरा हवा.

गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. हिरकणी गवळण गडावर दूध विकायला गेली. उशीर झाला, दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि तिथे बुरूज बांधला. ही लोककथा आहे, तोंडोतोंडी चालत आलेली. रायगड मात्र खरा. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तिथेच झाला. बाजारपेठेची जोती आणि हिरकणी बुरूज आजही बघायला मिळतात. राजधानीच ती, तिथल्या माणसांना दूधदुभतं लागणारच. आणि दिवस मावळला की दरवाजे लावणं हा गडाचा बंदोबस्त होता, कुणाचा दुष्टपणा नव्हता.

एवढं कळल्यावर मुलींचे प्रश्न सुरू झाले. एवढी चढण दूध डोक्यावर घेऊन चढायची? पायात काय असेल? आणि घरी बाळाजवळ कोण होतं?

या शेवटच्या प्रश्नावर एका मुलीने गोष्ट लिहिली. तिच्या गोष्टीत हिरकणीला दहा वर्षांची थोरली लेक आहे. ती रात्रभर बाळाला मांडीवर घेऊन बसते. वाऱ्याने दार वाजलं की आई आली म्हणून उठते. सकाळी सगळा गाव आईचं कौतुक करतो. लेकीला कुणी काही विचारत नाही.

आमच्या बैठकीत तिने ती वाचली आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण आमच्या गटाची बैठक शुक्रवारी सकाळी अकराला असायची. तिची आई बैठकीला यायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही शाळा बुडवून घरी राहायची. अशा आणखी तीन मुली निघाल्या. बायकांच्या भल्यासाठी बैठक घेतो म्हणत आम्हीच त्यांची शाळा बुडवत होतो. इतके दिवस एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. हिरकणीच्या आडून एक बोलली.

आता बैठक रविवारी दुपारी असते. रविवारी बाजार असतो म्हणून काही जणी कुरकुरल्या, पण आल्या. लेकरं सोबत आणायची, आणि दोघींनी पाळीपाळीने समाजमंदिराच्या ओट्यावर त्यांना सांभाळायचं, असं ठरलंय.

सख्यांनो, तुमच्याही भागात एखादा गड, बारव, जुना वाडा असेल आणि त्याची एक दंतकथा असेल. ती मुलींना लिहायला द्या. खरं काय नि ऐकीव काय, हे आधी नीट सांगा. मग त्यांनी लिहिलेलं शांतपणे ऐका. त्यात आपल्याच घरातलं काही सापडेल.